बेटी आणि बेटीसारखी : सुलोचनाबाईंच्या आया

4 जून 2023, रविवार. मी पन्हाळ्याला घरी होतो. संध्याकाळी मोबाईलवर सुलोचनाबाई गेल्याची बातमी आली. वय 94. पुढच्या तासाभरात जेवढ्या श्रद्धांजल्या वाचल्या, त्या सगळ्यांत तेच चार-पाच शब्द होते : वात्सल्यमूर्ती, सोज्वळ, शालीन, पडद्यावरची आई. मी त्यातली एक मोठ्यानं आजीला वाचून दाखवली. आजी लसूण सोलत बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई व्हयच की. पर घोड्यावर बसायची ती. तलवार चालवायची. ते न्हाई लिवलं व्हय कुणी?"

लिहिलं होतं, पण एका ओळीत. 'सुरुवातीला त्यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांत नायिकेच्या भूमिका केल्या' अशी ती ओळ, आणि मग लगेच आई. आजीनं लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला तो चित्रपट कुठला, हे तिला आठवत नाही. घोडा आठवतो.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रपटाचा अभ्यासक नाही. पण आजीच्या त्या प्रश्नामुळे पुढची दोनेक वर्षं जमेल तसे सुलोचनाबाईंचे चित्रपट पाहत गेलो. पाहताना एक गोष्ट टोचू लागली. 'वात्सल्यमूर्ती' हा शब्द आपण गौरव म्हणून वापरतो, आणि त्याच शब्दानं या नटीचं काम झाकून टाकतो. आमच्या धंद्यात एखाद्या पेटीला एकदा नाव दिलं की ती पुन्हा कुणी उघडून बघत नाही. नावावरून आत काय असेल ते सगळ्यांना माहीत असतं. सुलोचनाबाईंचं तसंच झालंय, असं माझं म्हणणं आहे. ते या लेखात तपासून बघतो.

खडकलाट ते जयप्रभा

सुलोचनाबाईंचा जन्म 30 जुलै 1928 चा, खडकलाटचा. निपाणी-चिकोडीकडचं हे गाव आज कर्नाटकात आहे, पण माणसांची उठबस कोल्हापूरची. आडनाव लाटकर. चाळीसच्या दशकात सिनेमात काम करायचं तर त्या भागातल्या मुलीला मुंबई गाठायची गरज नव्हती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून सिनेमा घडत होता. 'प्रभात' 1929 मध्ये इथंच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. ती गेली तरी स्टुडिओ उरले, तंत्रज्ञ उरले, घोडे उरले.

मास्टर विनायकांच्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'चा 'चिमुकला संसार' (1943) हे सुलोचनाबाईंचं पडद्यावरचं पहिलं पाऊल. त्याच चित्रपटात त्यांच्याहून वर्षभरानं लहान असलेल्या लता मंगेशकरांनीही छोटं काम केलं होतं. पुढं 'प्रफुल्ल' मुंबईला गेली. सुलोचनाबाई कोल्हापुरात राहिल्या आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. 'सुलोचना' हे नाव भालजींनी दिलेलं. घोड्यावर बसणं, तलवार-लाठी चालवणं, शब्दांचे उच्चार, कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हे सगळं शिक्षण तिथलंच. 'जय भवानी', 'जिवाचा सखा', 'मीठभाकर' ही त्या काळातली नावं.

'मीठभाकर'ची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1948 मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. 'मीठभाकर' त्यात गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि 1949 मध्ये तो लोकांसमोर आला. म्हणजे विशीच्या उंबरठ्यावरच्या या नटीनं आपलं केलेलं काम जळताना पाहिलं आणि तेच काम पुन्हा पहिल्यापासून केलं. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला आणि तीन दिवसांचं काम गेलं तर आम्ही आठवडाभर कुरकुरतो.

कोल्हापूर-पन्हाळ्याकडच्या माझ्या आजीच्या पिढीला सुलोचना म्हणजे ही सुलोचना. आपल्या बोलीच्या जवळची, दणकट, मातीतली बाई. शहरी प्रेक्षकाला ती 'वहिनींच्या बांगड्या'पासून (1953) भेटते. दिग्दर्शक शांताराम आठवले, कथा य. गो. जोशी यांची, आणि केंद्रस्थानी दिराला पोटच्या मुलासारखी माया लावणारी वहिनी. चित्रपट गाजला. तेव्हा सुलोचनाबाई 25 वर्षांच्याही नव्हत्या. पडद्यावरचं आईपण खरं तर इथंच सुरू झालं. फक्त नातं वहिनीचं होतं.

साधी वजाबाकी

इंजिनिअर असल्यामुळे मी पहिल्यांदा जन्मसालं मांडली.

1959 मध्ये 'दिल देके देखो' आला. सुलोचनाबाई शम्मी कपूरच्या आई. शम्मी कपूरचा जन्म 1931 चा, म्हणजे मुलगा आईपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याच वर्षी 'सुजाता'. त्यात शशिकला त्यांची मुलगी. शशिकलांचा जन्म 1932 चा, फरक चार वर्षांचा. 1970 मध्ये 'जॉनी मेरा नाम'. देव आनंद आणि प्राण हे दोघं त्यांचे मुलगे. देव आनंद 1923 चा, प्राण 1920 चा. इथं थोरला मुलगा आईपेक्षा आठ वर्षांनी मोठा आहे.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये, तोही 1959 चाच, जेसी रॉइस लँडिस कॅरी ग्रँटची आई आहे, आणि दोघांत सात वर्षांचं अंतर. लंडनमध्ये जन्मलेली अँजेला लान्सबरी 'द मंचुरियन कँडिडेट'मध्ये (1962) लॉरेन्स हार्वेची आई झाली तेव्हा ती त्याच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी होती. नट पन्नाशीतही नायक राहतो आणि नटीला तिशीत केसांना पांढरा रंग लावावा लागतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

पण एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. लान्सबरीला मिळालेली आई दुष्ट आहे. सत्तेची भुकेली, पोटच्या मुलाला हत्यारासारखी वापरणारी. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. वय चोरून घेतलं, पण त्या बदल्यात तिला एक गुंतागुंतीचा माणूस मिळाला. आपल्याकडे 'मदर इंडिया'त (1957) नर्गिसला पोटच्या मुलावर बंदूक रोखणारी आई मिळाली. मुलगा सुनील दत्त तिच्याच वयाचा, दोघांचा जन्म जून 1929 चा. सुलोचनाबाईंना वयाच्या बदल्यात काय मिळालं? बहुतेक वेळा देव्हारा, पांढरी साडी, आणि मुलगा परत आल्यावर त्याच्या डोक्यावरून फिरणारा हात.

बहुतेक वेळा. कारण एक चित्रपट याला अपवाद आहे.

चारू

बिमल रॉय यांचा 'सुजाता' आपण नूतनचा म्हणून ओळखतो. ते बरोबरच आहे. पण मी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा फक्त चारूकडे बघत बसलो. चारू म्हणजे सुलोचनाबाई.

गोष्ट सुबोध घोष यांची. उपेंद्रनाथ हा इंजिनिअर, बायको चारू, लहानगी मुलगी रमा. मुलीच्या वाढदिवसाच्या दिवशीच मजूर एक तान्हं बाळ घेऊन दारात येतात. आईबाप साथीत गेलेले, जात अस्पृश्य. बाळ चार दिवसांसाठी म्हणून घरात येतं आणि राहतं. आपल्या मनात माया उत्पन्न होतेय हे चारूला जाणवतं आणि ती त्या मायेला घाबरते. ओळख करून देताना रमा ही तिची 'बेटी' असते आणि सुजाता 'बेटीसारखी'. चित्रपटभर हा एक प्रत्यय टोचत राहतो. रमा कॉलेजात जाते, बॅडमिंटन खेळते. सुजाता घर सांभाळते.

मजा बघा. हे घर बंगाली आहे, पण पडद्यावरच्या त्या घरातल्या बायका जवळजवळ सगळ्या मराठी मुलखातून आलेल्या. आई खडकलाटची सुलोचना, मुलगी सोलापूरची शशिकला, जात सोडायला तयार नसलेली बुवाजी येवल्याची ललिता पवार, आणि बेटीसारखी असलेली नूतन समर्थ. बुवाजीचं काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते स्पष्ट आहे. तिचा दुष्टपणा पहिल्या मिनिटाला कळतो. आपण तिच्यावर चिडतो आणि मोकळे होतो.

चारूवर चिडता येत नाही. सुलोचनाबाई 'बेटीसारखी' हे शब्द उच्चारतात तेव्हा आवाजात तुच्छता नसते. उलट तो आवाज मऊच असतो, थोडा घाईचा. जणू पाहुण्यांचा गैरसमज होऊ नये एवढीच काळजी. हे मला या भूमिकेतलं सगळ्यात धारदार वाटलं. अपमान करणाऱ्या बाईला आपण अपमान करतोय हे माहीतच नाही, कारण ती तो प्रेमाच्या आवाजात करतेय. ज्या आवाजासाठी ही नटी पुढं आयुष्यभर ओळखली गेली, तोच हा आवाज. बिमल रॉय यांनी तो वात्सल्याची सीमा कुठं संपते हे दाखवायला वापरलाय.

आणि उपेंद्रनाथ? तरुण बोस यांनी केलेला हा इंजिनिअर भला माणूस आहे. कुणाला दुखवत नाही, आणि कुणासाठी उभाही राहत नाही. आमच्या व्यवसायातली अशी माणसं मी रोज बघतो. कधीकधी आरशातही बघतो.

मग शेवट येतो. अधीर (सुनील दत्त) रमाला नाकारतो आणि सुजाताला निवडतो. चारूचा संताप उसळतो, ती जिन्यावरून पडते, आणि इस्पितळात तिला चालणारं रक्त घरात फक्त सुजाताचं निघतं. ते रक्त मिळाल्यावर चारू तिला मुलगी म्हणते.

इथं मला या चित्रपटाशी भांडायचं आहे, आणि सुलोचनाबाईंच्या कामाशीही थोडं. मुलगी म्हणवून घ्यायला सुजाताला रक्त द्यावं लागलं. रमाला काय द्यावं लागलं होतं? वीसेक वर्षं एका माणसाला 'सारखी'वर ठेवलं, याचा हिशेब चारूकडून कुणी मागत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि आपणही रडतो. मीही रडलो. दुसऱ्या दिवशी विचार केला तेव्हा लक्षात आलं की आपल्याला रडवलं सुजातावरच्या अन्यायानं नाही, चारूच्या पश्चात्तापानं. सुलोचनाबाई इतकं खरं रडतात की गुन्हा माफ होऊन जातो. वात्सल्य हा त्यांचा मोठा गुण. पण त्या गुणाचा उपयोग प्रेक्षकाला लवकर मोकळं करायला झाला.

'सुजाता' 1960 मध्ये कानच्या महोत्सवात गेला, फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक त्याला मिळालं, नूतनला अभिनेत्रीचं मिळालं. चारूबद्दल फार कुणी लिहिलं नाही. तिला 'आईची भूमिका' म्हटलं की संपलं. मला ती हिंदी चित्रपटातल्या, दुसऱ्याचं मूल दारात ठेवणाऱ्या आईची सगळ्यात प्रामाणिक तसबीर वाटते.

मराठीतल्या तीन आया

हिंदीनं असा एक अपवाद दिला. मराठीनं काय दिलं?

'प्रपंच' (1961) दिलं. शाहीर अमर शेख कुंभार आणि सुलोचनाबाई त्याची बायको. पोरं पुष्कळ, मिळकत तोकडी. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायला निघालेला हा चित्रपट प्रचाराच्या फार पुढं जातो. यातली आई मूर्ती नाही. ती दमलेली आहे. मुलांवर माया आहे आणि मुलांचं ओझंही आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दिसतात.

मग 'मोलकरीण' (1963) : मुलाच्याच घरात मोलकरीण होऊन राबणारी आई. आणि 'एकटी' (1968) : मुलगा परदेशी, आई मागं. त्यात मुलाच्या भूमिकेत काशिनाथ घाणेकर, जे पुढं प्रत्यक्षात सुलोचनाबाईंचे जावई झाले. या दोन चित्रपटांनी मराठी घरांत पूर आणला. माझा आक्षेप रडण्याला नाही. आक्षेप असा की या दोन्ही आयांना स्वतःसाठी काहीही नको आहे. राग नको, हिशेब नको, संध्याकाळी बसून गप्पा मारायला मैत्रीणही नको. जिला काही नकोच असतं तिचं ऋण फेडायची गरज उरत नाही. तिला हार घातला की पुरतं.

'मराठा तितुका मेळवावा' (1964) मात्र वेगळा. भालजींचा चित्रपट, 'आनंदघन' नावानं लताबाईंचं संगीत, आणि सुलोचनाबाई जिजाऊ. इथंही आईच, पण तिला काहीतरी हवं आहे : राज्य. त्यामुळे त्यांच्या मानेचा कोन बदलतो, बोलण्यातला थांबा बदलतो. मुलाकडे त्या माया म्हणून बघतातच, पण त्याला जोखतातही. आजीनं पाहिलेली घोड्यावरची बाई मला या जिजाऊत सापडली. घोडा नव्हता, बैठक तीच होती.

म्हणजे मर्यादा कुणाची? नटीची नव्हे. 'प्रपंच', 'सुजाता' आणि 'मराठा तितुका' करणारी बाई काय करू शकत होती ते दिसतंच. मर्यादा लिहिणाऱ्यांची होती, आणि तिकीट काढणाऱ्यांची. शेकडो चित्रपट, 1999 मध्ये पद्मश्री, 2009 मध्ये महाराष्ट्र भूषण. कौतुक भरपूर झालं. पण चारूसारखी दुसरी भूमिका त्यांच्यासाठी पुन्हा कुणी लिहिली नाही. एक गोष्ट मात्र गमतीची आहे. पडद्यावर आयुष्यभर आई असलेल्या या बाईंना चित्रपटसृष्टी 'दीदी' म्हणायची. सोबत काम करणाऱ्यांना त्यांचं खरं वय माहीत होतं.

आजीचं म्हणणं

हा लेख इथं संपवता आला असता. पण कच्चा खर्डा मी आजीला वाचून दाखवला, आणि तिनं दोन गोष्टी सांगितल्या. त्या लिहिल्या नाहीत तर मीही तेच केल्यासारखं होईल.

पहिली गोष्ट 'मोलकरीण'बद्दल. ती म्हणाली, "तुला वाटतंय आमी तिच्यासाठी रडत हुतो? आमी आमच्यासाठी रडत हुतो रं. घरात रडाय जागा हुती व्हय? सासू बसलेली, दीर बसलेलं. टाकीत जाऊन तीन तास रडून यायचं, कोण इचारत न्हवतं." मी पडद्याकडे बघून टीका करत होतो. तिनं मला अंधारात बसलेल्या बायका दाखवल्या. त्या मूर्तीला काही नको होतं, पण तिच्यासमोर बसलेल्या बायकांना हवं होतं, आणि ते सुलोचनाबाईंनी त्यांना दिलं. हा मुद्दा माझ्या मुद्द्याला खोडत नाही, पण त्याला कमी पाडतो. भूमिका अपुरी असूनही काम खोटं नव्हतं, हे मला मान्य करावं लागतं.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल. सुलोचनाबाई गेल्या त्याच वर्षी आजीला 75 वर्षं झाली. घरी छोटा कार्यक्रम केला. तिच्या फोटोचा फ्लेक्स मी बनवला होता, मजकूर माझा. आजी म्हणाली, "त्या बोर्डावर तू काय लिवलं हुतंस?"

मला आठवलं. 'वात्सल्यमूर्ती आजी.'

माझ्या आजीनं तीन दरवाजाजवळ तीसेक वर्षं झुणका-भाकरीची पाटी लावली. पर्यटकांच्या गर्दीत, जुलैच्या पावसात, ताडपत्रीखाली चूल पेटवून. तांदूळ-जोंधळ्याचा हिशेब तोंडी. जागेवरून भांडणं झाली तेव्हा एकटी उभी राहिली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्या पाटीतून गेली. हे सगळं मला माहीत होतं. फ्लेक्सवर जागाही होती. पण मजकूर लिहायला बसलो तेव्हा हाताला तोच तयार शब्द आला, आणि मी तो टाकून मोकळा झालो. उपेंद्रनाथासारखा.

"मग काय लिहायला पाहिजे होतं?" मी विचारलं.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "धंदा केला म्हणून लिवायचं. चांगला केला."

तो फ्लेक्स अजून आमच्या लाकडाच्या ढिगावर पाऊस लागू नये म्हणून टाकलेला आहे. अक्षरं अर्धी उडालीत. सुलोचनाबाईंबद्दल पुन्हा कधी लिहायची वेळ आली तर मी सुरुवात त्यांच्या कामापासून करीन : 1943 ते नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत ज्यांचं नाव या धंद्यात आदरानं घेतलं गेलं, त्या बाईंनी अभिनय केला. चांगला केला. त्यातल्या पुष्कळ भूमिका आईच्या होत्या.